चिमणरावांचे जनक आपल्या बडोद्याचे

गणरायाच्या मांडवात हसण्याखिदळण्याला नेहमीच मानाचे पान असते. म्हणून यंदा आम्ही स्मरण करीत आहोत ते चिंतामण विनायक जोशी, अर्थात चिं. वि. जोशी यांचे.

त्यांचा जन्म १८९२ साली पुण्याला झाला. धर्मानंद कोसंबींसारख्या गुरूकडे ते पाली शिकले आणि पुढे बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. संस्थानच्या राजदप्तराचे कामही त्यांनी सांभाळले. ‘सद्धम्मप्पकासिनी’ हा ग्रंथ त्यांनी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी संपादित केला. दिवसा जुनी दप्तरे आणि बौद्ध वाङ्मय यांत रमणाऱ्या या गंभीर माणसाने मराठीला चिमणराव दिले, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते.

‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ साली आले. अंगाने किरकोळ, स्वभावाने भोळे चिमणराव. सोबत दांडगे गुंड्याभाऊ. घरात काऊ, मोरू, मैना आणि मातोश्री. चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतात, तीही अगदी गंभीरपणे. आपले हसे होते आहे, हे त्यांच्या गावीही नसते. सारी गंमत या निवेदनात आहे.

पडद्यावर नेमकी हीच अडचण येते. कॅमेऱ्याला फजिती दिसते, पण सांगणाऱ्याचा भाबडेपणा दिसत नाही. तो नटाच्या चेहऱ्यावर आणि आवाजातच आणावा लागतो. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांच्या तिरळ्या नजरेने निम्मे निवेदन केले, असे म्हणायला हरकत नाही. १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ आला.

१९६३ साली चिं. वि. गेले, तेव्हा मुंबईला दूरदर्शन केंद्रसुद्धा नव्हते. सत्तरच्या दशकात त्या केंद्रावर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ही जोडी अवतरली आणि चिमणराव-गुंड्याभाऊ घरोघरी पोहोचले. सुटी सुटी प्रकरणे असलेले हे लेखन मालिकेच्या साच्यात सहज बसले. एकेका भागाला एकेक फजिती! मात्र हे यश पाहायला लेखक राहिले नव्हते.

आज आमच्या घरांतली मुले गुजराती आणि इंग्रजी शाळांत जातात. प्रभावळकरांचा चेहरा त्यांना कदाचित ओळखू येईल, पण ज्या मराठीने तो चिमणराव घडवला, ती त्यांच्या कानावरून जाईलच असे नाही. ती मराठी या गावात नांदली, लिहिली गेली. म्हणून आमची एवढीच विनंती आहे की उत्सवाच्या दहा दिवसांत एका संध्याकाळी ‘चऱ्हाटा’तले एखादे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे. आजोबांनी वाचावे, नातवंडांनी ऐकावे. अडलेला शब्द तिथेच समजावून सांगावा. मुले हसली, की पुढचे प्रकरण त्यांच्याच हाती द्यावे.