आजारी कामगाराचा वकील

२३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने कामगारांविषयीच्या तीन संहिता एकाच दिवशी मंजूर केल्या. केंद्राच्या एकोणतीस कायद्यांची चार संहितांत घडी बसवण्याचे काम होते. त्यांतली वेतनाची संहिता आदल्याच वर्षी मंजूर झाली होती. आठ सदस्यांच्या निलंबनावरून विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार घातलेला असल्याने समोरची बाके रिकामी होती. कोट्यवधी माणसांच्या कामाचे तास, नोकरीची शाश्वती आणि आजारपणातला पगार यांचा फैसला त्या रिकाम्या बाकांसमोर झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागूही झाल्या. त्यांत चांगले किती आणि वाईट किती, याचा हिशेब काळ करीलच. पण त्या रिकाम्या बाकांचा विचार करताना मनात येतो तो एक वेगळाच बाक. त्यावर सव्वीस वर्षे एक माणूस जवळजवळ एकटाच बसला होता आणि कामगारांविषयीचे प्रत्येक बिल कलमाकलमाने सोलून पाहत होता. त्या माणसाचे नाव नारायण मल्हार जोशी.

मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे ते रस्त्याच्या पाटीमुळे. गिरणगावातला जुना डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. आमच्या वाशीमकडच्या माणसाला तेवढीही ओळख असण्याचे कारण नाही. आणि तरीही, या माणसाने जे मागितले ते आमच्या भागात पोचले की नाही, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. काही वर्षे शिक्षकी केली आणि १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. त्या घराण्याचा संस्कार सर्वश्रुत आहे. तुटपुंज्या वेतनावर राहायचे, विषयाचा मुळापासून अभ्यास करायचा, आकडे तपासायचे आणि मगच तोंड उघडायचे. जोशींनी हा वसा जन्मभर सांभाळला. वक्तृत्वाची देणगी त्यांना नव्हती आणि तिचा सोसही नव्हता.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे तिने गिरणी कामगारांच्या वस्तीत उभी केली. वरकरणी हा सारा दयाधर्माचा व्याप. पण चाळीत रोज जाणाऱ्या माणसाला त्यातूनच एक गोष्ट उमगत गेली असणार. कामगाराचे घर बुडते ते व्यसनापायी किंवा लग्नखर्चापायी, असे सुखवस्तू लोक मानत. परंतु आजारपण हेही तितकेच मोठे भोक होते. माणूस तापाने अंथरुणाला खिळला की त्या दिवसापासून मजुरी बंद. मग सावकार. त्या काळचा प्रचलित दर रुपयाला महिन्याला एक आणा. माझे अर्धे आयुष्य बँकेत व्याजाचे तक्ते मांडण्यात गेले. हा दर वर्षाला पंचाहत्तर टक्के पडतो. महिनाभराच्या तापाचे कर्ज फेडायला दोन-दोन वर्षे लागत. औषधाची बाटली देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. त्याला कायदाच हवा होता.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आजच्या आयटकची, स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत जोशी होते. आणि १९२१ मध्ये नव्या मध्यवर्ती असेंब्लीत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांची नेमणूक केली.

‘नेमणूक’ हा शब्द ध्यानात घ्यायला हवा. सुमारे १४५ जणांच्या त्या सभागृहात ४१ सदस्य नेमलेले असत. कामगाराला मत नव्हते, मग त्याचा प्रतिनिधी निवडून येणार कसा? तेव्हा सरकारच एक माणूस नेमी. ज्याने खुर्ची दिली त्याच्याविरुद्ध बोलायचे, आणि तेही असे की पुढच्या खेपेला त्याला दुसरा माणूस सापडू नये, असे ते अवघड काम. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना हा सरकारनियुक्त सदस्य संशयास्पद वाटे, गिरणीमालकांना उपद्रवी वाटे आणि सरकारला नकोसा वाटूनही टाळता येत नसे. १९४७ पर्यंत ते त्या खुर्चीत राहिले.

पहिल्याच वर्षी त्यांनी ट्रेड युनियनच्या कायद्याचा ठराव मांडला. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी युनियनच्या पुढाऱ्यांनाच कोर्टात खेचल्याचे प्रकरण तेव्हा ताजे होते. संप घडवणे हा करारभंगाला चिथावणी देण्याचा गुन्हा ठरत असेल तर संघटना करायची कशी, असा पेच होता. ठराव १९२१ चा, कायदा १९२६ चा, अंमल १९२७ पासून. जोशींच्या आयुष्यातल्या बहुतेक तारखा अशा पाच-सहा वर्षांच्या अंतराने जोडीने येतात.

१९२३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर अपघाती मृत्यू आला तर तीस महिन्यांची मजुरी किंवा अडीच हजार रुपये, यांतली लहान असेल ती रक्कम वारसांना मिळू लागली. यंत्रात हात गेला तर दोष यंत्राचा आणि यंत्र मालकाचे, एवढे तत्त्व सभागृहाला पटले. क्षयाचे काय? कोंदट खात्यात वर्षानुवर्षे श्वास घेऊन जडलेल्या खोकल्याचे काय? बाळंतपणाचे काय? १९२४ मध्ये जोशींनी कामकरी स्त्रियांसाठी प्रसूतिरजेचे आणि भत्त्याचे बिल आणले. १९२५ मध्ये सभागृहाने ते फेटाळले. पण बिल मेले तरी विचार मेला नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचे कायदे झाले. मुंबई कौन्सिलात त्या बिलाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते, हेही सांगायला हवे.

आजारपणातल्या पगाराची कहाणी याहून लांबलचक. १९२७ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने आजारविम्याचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला आणि १९२८ मध्ये तो दिल्लीच्या असेंब्लीपुढे आला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. कारणे सांगितली गेली ती अशी : इथला कामगार स्थिर नाही, आजारी पडला की गावी जातो, पगारातून वर्गणी कापलेली त्याला आवडणार नाही, आणि पुरेसे डॉक्टर आहेत कुठे? कारणे खोटी नव्हती. पण आजारी माणूस गावी जातो तो शहरात त्याला कुणी पोसत नाही म्हणून, हे ज्याने चाळ पाहिली त्याला सांगावे लागत नाही. जी गोष्ट नाही म्हणून कायदा हवा, तीच नाही म्हणून कायदा नको, असा तो युक्तिवाद होता.

ही वर्षे बाहेरही वादळी होती. १९२८ च्या मुंबईतल्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात मवाळ जोशी कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून संप समितीत बसले. सरकारने आणलेल्या औद्योगिक तंट्यांच्या बिलाला त्यांचा विरोध होता. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत बॉम्ब टाकला तो याच बिलाच्या निकालाच्या वेळी. त्याच वर्षी सरकारने कामगारांच्या स्थितीविषयी व्हिटली कमिशन नेमले. जोशींनी त्याचे सदस्यत्व पत्करले आणि तिथेच ठिणगी पडली. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या अधिवेशनात कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला, तेव्हा स्वतः उभारलेली संघटना सोडून जोशी बाहेर पडले. मवाळपणाचा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. ही फूट पुढे १९३८ मध्ये सांधली जाऊ लागली तीही नागपुरातच. १९४० पासून ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. ज्यांनी बहिष्कार घातला ते आणि ज्याने साक्षी-पुरावे तपासले तो, दोघांनाही इतिहासात जागा आहे. पण १९३१ च्या कमिशनच्या अहवालात आजारविम्याची दिशा नोंदली गेली आणि पुढच्या प्रत्येक समितीला तिथूनच सुरुवात करावी लागली, हे विसरता येत नाही.

मार्च १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. त्यांचा अहवाल १९४४ चा. १९४६ च्या नोव्हेंबरात बिल मांडले गेले, तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. पुढच्या वर्षी जुनी असेंब्ली संपली, तिच्याबरोबर जोशींची कारकीर्दही. आणि एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा स्वतंत्र भारतात मंजूर झाला. १९५२ मध्ये तो कानपूर आणि दिल्लीत प्रथम लागू झाला. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी, मोफत औषधोपचार आणि आजारपणात वर्षाला ५६ दिवसांपर्यंत साधारण अर्धा पगार. १९५४ मध्ये योजना मुंबईत पोचली. ३० मे १९५५ रोजी जोशी वारले. म्हणजे गिरणगावातला कामगार आजारी असताना हक्काने पैसे घेतो आहे, हे त्यांना जेमतेम पाहता आले. आज ती मुदत ९१ दिवसांची आहे आणि दर मजुरीच्या सत्तर टक्क्यांचा.

इथे चरित्र संपते. पण वाशीमच्या माणसाला इथे थांबता येत नाही.

आमचा मुलूख कापसाचा. १८८६ मध्ये सुरू झालेला कारंज्याचा कापूसबाजार देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. कापूस आला तसे जीनही आले. दिवाळीनंतर गंज्या लागतात, रेचे सुरू होतात आणि चार-सहा महिने जिनातल्या बाया रुईच्या धुरळ्यात उभ्या असतात. १९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढे हंगामी जिनांतले सतरा-अठरा तासांचे दिवस नोंदले गेले होते. १९११ पासून फॅक्टरी कायदा त्यांना लागू झाला, पण १९३४ च्या कायद्यातही बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास आणि हंगामीला ६०. हा दुजाभाव १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने मिटवला. त्याच वर्षीच्या विमा कायद्याने मात्र तो राखला. कापूस पिंजणारे आणि दाबणारे हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले. २०२० ची संहिता लिहिताना पाऊणशे वर्षांचा अनुभव हाताशी होता. तरी हंगामी कारखान्याचा अपवाद जसाच्या तसा उतरला.

बँकेत असताना जिनांच्या आवारात गठाणी मोजायला मी अनेकदा गेलो आहे. गठाणींच्या तारणावर कर्ज देण्यापूर्वी आम्ही एक कागद हटकून पाहत असू : आगीचा विमा. तो चालू नसेल तर एक रुपया सुटत नसे. गठाण जळाली तर बँकेचे पैसे बुडतील, हे सगळ्यांना कळत होते. त्याच आवारात तोंडाला पदर बांधून रुई ओढणारी बाई तापाने पडली तर कुणाचे काय बुडते, हे विचारणारा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता. तो छापणे बँकेच्या हातातले कामही नव्हते. ते सभागृहाचे काम होते आणि आहे.

हंगामी मजुराची नोंद कठीण, वर्गणी गोळा करणे कठीण, तो आज इथे तर उद्या उसाच्या फडावर, असे सांगितले जाईल. ही सगळी कारणे १९२८ साली गिरणी कामगाराविषयी सांगून झाली आहेत. तेव्हा त्यांना वीस वर्षे उत्तर देत राहणारा एक माणूस सभागृहात होता. तो निवडून आलेला नव्हता, त्याच्यामागे पक्ष नव्हता, आणि त्याची बिले पडत. पडलेले बिल पुन्हा कोणत्या कलमाने उभे करता येईल, एवढेच तो पाहत असे. आता मत सगळ्यांना आहे, जिनातल्या बाईलाही. तिने मत देऊन पाठवलेला माणूस त्या अपवादाच्या कलमापाशी उठून उभा राहील, त्या दिवशी ना. म. जोशींचे उरलेले काम पुढे सरकेल.