ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या बालमानसाच्या अभ्यासक, लेखिका आणि भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देऊन ती खेड्यातील व आदिवासी पाड्यांतील बालकांपर्यंत नेण्याचे कार्य त्यांनी केले.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. त्यांनी विधवा असलेल्या उमाबाईंशी पुनर्विवाह केला होता. अशा सुधारकी घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. त्यानंतर मुलीच्या संगोपनाची जबाबदारी घेऊन ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

भावनगर

१९२३ मध्ये ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाईंवर इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. माँटेसरी मूळच्या डॉक्टर. रोममधील मनोरुग्ण चिकित्सालयात मतिमंद मुलांचे निरीक्षण करताना त्यांची शिक्षणदृष्टी घडली होती. मूल हट्ट करते, घाबरते किंवा ऐकत नाही, तेव्हा त्याला शिक्षा करण्याऐवजी त्यामागचे कारण शोधावे, ही भूमिका ताराबाईंनीही स्वीकारली. छडी हेच शिस्तीचे साधन मानणाऱ्या काळात हा विचार पालकांना व शिक्षकांना पटवणे सोपे नव्हते. त्यासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून ताराबाईंनी पालकांशी संवाद साधला. ‘बालकांचा हट्ट’ व ‘बालविकास व शिस्त’ ही त्यांची पुस्तके याच विषयांवरील आहेत.

दादर ते बोर्डी

१९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथे बालमंदिराबरोबरच बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. मात्र महागड्या साधनांमुळे हे शिक्षण शहरी, सुस्थित कुटुंबांपुरते मर्यादित राहत होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ येथे त्यांना येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

बोर्डीत शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचा भाग ठरला. तरीही वस्तीतील अनेक मुले बालवाडीत येत नव्हती. तेव्हा मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या वस्तीत, घरांच्या अंगणात नेण्यात आली. ही पद्धत ‘अंगणवाडी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

कोसबाड

१९५७ मध्ये संस्थेचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर गेले. येथील वारली मुलांपैकी अनेकांना गुरे राखावी लागत, तर काहींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. गुराखी मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या ‘विकासवाडी’मुळे धाकट्या भावंडांना घेऊन येणाऱ्या मुलांचेही शिक्षण शक्य झाले.

सन्मान आणि वारसा

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कोसबाडचे कार्य अनुताईंनी पुढे चालवले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. या योजनेतील गावोगावची केंद्रे ‘अंगणवाडी’ याच नावाने चालतात.