काळोखातला नेम

एन. सी. सी.च्या शिबिरात माझी गोळ्या झाडण्याची पाळी आली तेव्हा सूर्य टेकडीमागे गेला होता. पंचवीस मीटरवरचे निशाण दिसत होते, पण रायफलीच्या टोकावरची माशी त्या काळ्या वर्तुळात विरघळून गेली होती. उस्तादांनी ताबडतोब गोळीबार थांबवला. आम्ही हिरमुसलो. त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या मनात आले, की ज्यांना अशाच कातरवेळी नरभक्षक वाघासमोर उभे राहावे लागले त्यांना कोण थांबवीत असेल? आणि मला जिम कॉर्बेट आठवले.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असे बालपण गेले. गलोलीपासून जुन्या ठासणीच्या बंदुकीपर्यंत त्यांचे शिक्षण जंगलातच झाले. पुढे बिहारमध्ये मोकामाघाटला त्यांनी सुमारे वीस वर्षे रेल्वेच्या मालाची चढउतार करण्याचे काम केले. शिकार हा त्यांचा पोटाचा धंदा कधीच नव्हता. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. या कामगिरीबद्दल त्यांना .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली.

अंधुक उजेडातील शिकारीसाठी रायफलीवर दुर्बीण कोणती बसवावी, याची चर्चा शिकारीला परवानगी असलेल्या देशांत आजही चालते. तिचे गणित सोपे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला, दुर्बीण जितक्या पटीने मोठे दाखवते त्या आकड्याने भागायचे. ५६ मिलिमीटरचे भिंग आणि आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण असेल, तर डोळ्याकडे ७ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत येतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. उतारवयात ती पाच मिलिमीटरच्या आसपास थांबते. म्हणून नुसती मोठी भिंगे घेऊन म्हाताऱ्या डोळ्याला फायदा होत नाही. दुसरी बाब लेपाची. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जातो. हा तोटा टाळणारा लेप झाइस कंपनीतील स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. तिसरी बाब आतल्या रेघांची. त्या बारीक असतील तर संध्याकाळी माझ्या माशीसारख्याच नाहीशा होतात. जाड असतील तर टिकतात.

कॉर्बेट यांच्या रिग्बीवर यातले काही नव्हते. उघडी माशी आणि स्वतःचे डोळे, एवढीच सामग्री. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसे मारली होती, आणि तो हिंडे रात्रीच. गुलाबरायजवळ यात्रेच्या वाटेवर एका आंब्याच्या झाडावर कॉर्बेट दहा रात्री बसले. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी होती. अकराव्या रात्री, १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीस, घंटा जोरात वाजली. त्यांनी रायफलीला जोडलेली विजेरी लावली. माशी बिबट्याच्या खांद्यावर होती. चाप ओढला, आणि त्याच क्षणी विजेरी विझली. गोळी लागली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. जखमी बिबट्याच्या मागे अंधारात उतरण्याचा वेडेपणा त्यांनी केला नाही. झाडावरच पहाटेची वाट पाहिली, आणि उजाडल्यावर बिबट्या मरून पडलेला दिसला.

मला मात्र या विजयापेक्षा त्यांची एक चूक अधिक शिकवून गेली. १९२९ साली चौगडच्या वाघिणीमागे असताना दोन वाघ एकत्र दिसले. रंगावरून त्यांनी एकीला म्हातारी नरभक्षक ठरवले आणि गोळी झाडली. नेम अचूक होता, पण पडली ती तिची वयात आलेली पोर. खरी नरभक्षक निसटली, आणि पुढच्या वर्षभरात आणखी पंधरा माणसे गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ती वाघीण ११ एप्रिल १९३० रोजी मारली गेली. नेम लागणे आणि आपण कोणावर नेम धरला आहे हे ओळखणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला दुर्बीण मदत करते. दुसरीला थोडीफार करते; बाकीचे काम पाहणाऱ्याचे.

शेवटची मोठी शिकार १९३८ च्या नोव्हेंबरात ठाक गावी झाली. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. म्हणजे बाहुलीही म्हातारीच. वाघाच्या आवाजात साद घालून त्यांनी वाघिणीला जवळ बोलावले आणि सूर्य मावळल्यानंतर उजेड जेमतेम उरलेला असताना तिला टिपले. डोळ्यांनी कमी पडावे ते त्यांनी कानांनी आणि गळ्याने भरून काढले.

तोवर त्यांचे मन बंदुकीवरून कॅमेऱ्याकडे वळले होते. चॅम्पियन यांनी रात्री घेतलेल्या वाघांच्या छायाचित्रांनी त्यांना भारून टाकले होते. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याशी देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला आज कॉर्बेट यांचे नाव आहे. १९४७ साली ते बहीण मॅगीबरोबर केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले, त्यामुळे शिकारीसाठी दुर्बीण निवडण्याची पाळी आपल्यावर येणार नाही. तरी त्या संध्याकाळी उस्तादांनी आम्हांला का थांबवले, ते कॉर्बेट वाचल्यावर मला कळले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्वच्छ उन्हात मी पाच गोळ्या झाडल्या. तीन लागल्या.