एकटीचा प्रवास : पार्वतीबाई आठवले

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी पालघर-बोईसरहून गाडीत बसून एकट्याच मुंबई गाठतात. त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. पण चार दिवसांचा मुक्काम म्हटला, की घरातून पहिला प्रश्न येतो तो सोबतीचा! म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी सोबतीवाचून अमेरिकेला गेलेल्या एका विधवा भगिनीचे स्मरण आज करावेसे वाटते.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली देवरुखच्या जोशी घराण्यात झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि विशीत वैधव्य आले. पदरी एक लहानगा मुलगा, आणि शिक्षण म्हणाल तर नाहीच. केशवपन करून माजघरात दिवस कंठायचे, एवढेच तेव्हा विधवेच्या हाती असे. परंतु त्यांची बहीण गोदूबाई हिने १८९३ साली महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या आधाराने पार्वतीबाई पुण्यास आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात पडल्या. स्वतः पुनर्विवाह न करता त्यांनी आयुष्य या संस्थेला वाहिले. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या, परक्या माणसांसमोर उभ्या राहून बोलल्या. १९१२ साली त्यांनी केशवपनाची रूढीही सोडली.

या हिंडण्यातच त्यांची भीड चेपली असावी. इंग्रजी शिकावे व संस्थेला मदत मिळवावी, या हेतूने १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस निघाल्या. इंग्रजी जेमतेम, गाठीला पैसा थोडा, आहार शाकाहारी आणि पाठीशी कोणी नाही! तेथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. हिंगण्याला ज्यांचा शब्द मुली झेलीत, त्याच बाई परक्यांच्या घरी कष्टाला लागल्या. त्यांनी त्यात कमीपणा मानला नाही. १९२० साली त्या परतल्या. खुद्द अण्णासाहेब कर्वे परदेशी गेले ते १९२९ साली, म्हणजे पार्वतीबाईंनंतर दहा-अकरा वर्षांनी!

हे अनुभव त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहिले. ते १९२८ साली निघाले आणि १९३० साली त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

एकटीच्या प्रवासाचे खरे फळ कोणते? नुसती स्थळे पाहणे नव्हे. सोबत असली की आपण कोणाची तरी पत्नी, आई किंवा सून म्हणूनच ओळखल्या जातो. वाट विचारणे आणि पैसे मोजणे दुसऱ्यावर सोपवतो. एकटीला मात्र स्वतःच बोलावे लागते, म्हणून तिला माणसे भेटतात. स्वतःच निभवावे लागते, म्हणून आपल्या हातांचे बळ कळते. हा आनंद एकदा ज्या बाईने चाखला, ती घरीही ताठ मानेने वावरते.

तेव्हा भगिनींनो, यापुढे लेक किंवा सून एकटीने प्रवासाला निघाली, तर सोबत कोण आहे हे विचारू नका. कुठे उतरणार आणि केव्हा पोचणार, एवढे विचारा. डब्यात दशम्या बांधून द्या आणि हसतमुखाने निरोप द्या.