विश्लेषण : शाळा कुरणात नेणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

डेन्मार्क, जर्मनीतील जंगलातल्या बालवाड्यांबद्दल हल्ली शहरी पालकांमध्ये कुतूहल आहे. झाडाखाली खेळ, मातीत शिक्षण ही कल्पना अनेकांना नवी वाटते. पण बोर्डी आणि कोसबाड परिसरात (आताचा पालघर जिल्हा) ती काही दशकांपूर्वीच राबवली गेली. तिथे ती हौस नव्हती, गरज होती.

सुरुवात कुठून?

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचे. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह १९२१ मध्ये घटस्फोटाने संपला. एका लेकीची जबाबदारी घेऊन त्या राजकोटला प्राचार्य झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

बोर्डीला का गेल्या?

माँटेसरीची साधने महाग होती. त्यामुळे ही पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच राहील, हे ताराबाईंना खटकत होते. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या.

अडचण काय होती?

शाळा उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आई-वडील मजुरीला जात. थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळत किंवा गुरे राखत. त्यांना शाळेत बसवले, तर घरचे काम अडणार होते. दोष मुलांचा नाही, शाळेच्या जागेचा आणि वेळेचा आहे, हे ताराबाईंनी ओळखले.

मग काय बदलले?

शाळाच वस्तीवर गेली. झोपड्यांपुढच्या अंगणात मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. ही अंगणवाडी. विकत आणलेल्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया आल्या. मोजणी, रंग, आकार यांची ओळख त्यातूनच होऊ लागली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या भागात गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी तिथे आकाराला आली. धाकटे भावंड शेजारीच असल्याने थोरल्या बहिणीलाही शिकता येऊ लागले.

कुरणशाळा म्हणजे काय?

गुराखी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकाने त्यांच्यामागे कुरणात जायचे. गुरे चरत असताना तिथेच शिकवायचे. ना बाक, ना भिंती. मुलांच्या रोजच्या ओळखीची झाडे, पाखरे, दगड हेच शिकण्याचे साहित्य.

आज त्याचे महत्त्व काय?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो पाहायला त्या नव्हत्या.

आज अंगणवाडी म्हटले की पोषण आहार आणि नोंदवह्या आठवतात. नावातले अंगण मात्र अनेकदा विसरले जाते. मुलांसाठी ते पुन्हा मोकळे करणे फार खर्चाचे नाही, हे कोसबाडने दाखवून दिले आहे.