कराची ते मुंबई : जे. आर. डी. टाटा

आपल्या मोरिवलीहून उल्हासनगर हाकेच्या अंतरावर. तिथल्या कित्येक सिंधी घरांतील वडीलधारी माणसे फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने मुंबईस आली. म्हणून कराची हे नाव आपल्याला परके नाही. त्या कराचीहून मुंबईस टपाल घेऊन प्रथम विमान आणले, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटांविषयी मी चार ओळी लिहिते.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर लहानपणी विमाने पाहिली नि उडण्याचे वेड लागले ते जन्मभर. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिलाच.

१९३० साली इंग्लंड व हिंदुस्थान यांमध्ये एकट्याने विमान नेण्याची आगाखान स्पर्धा लागली. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा मुलगा इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी प्लगसाठी अडकून पडलेला. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. तो जिंकला, हे थोडक्यात मागे राहिले. पुढे अस्पी हवाईदलाचे प्रमुख झाले. मला तर बक्षिसापेक्षा हे प्लगच मोठे वाटतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास ते 'पस मॉथ' हे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन कराचीहून उडाले. बरोबर पंचावन्न पौंड टपाल, म्हणजे पंचवीस किलो. आपल्या घरातले तांदळाचे अर्धे पोते म्हणा. अहमदाबादला पेट्रोल घ्यायला उतरले. ते पेट्रोल बैलगाडीतून आणले होते! दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर टेकले. सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर, पण अहमदाबादच्या वळशाने हजाराच्या वर जाते. त्याला सव्वासात तास लागले. आजच्या जेट विमानाला हे काम दीड-दोन तासांचे; पण मुंबईहून कराचीला आज सरळ विमानच नाही. दुबईवरून फेरा घ्यायचा, म्हणजे एखाद्या वेळी टाटांपेक्षा जास्त वेळ लागायचा.

ही टपालसेवा वाढत वाढत १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष टाटाच. स्वतः प्रवास करीत तेव्हा चहाचा रंग, पडदे, न्हाणीघराची स्वच्छता सारे निरखून टिपून ठेवीत. आपण बायका घरात जे करतो तेच, पण आपल्याला कोणी अध्यक्ष म्हणत नाही! १९७८ मध्ये त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. पगार न घेता सांभाळलेले काम असे सुटावे, हे मला पटत नाही.

१९८२ साली, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी तसेच जुने छोटे विमान घेऊन कराची ते मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते वारले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांच्या घरी परत आली, ते पाहायला ते नव्हते.