हरिश्चंद्राचा कारखाना आणि फाळक्यांचा संसार

१९१२ च्या फेब्रुवारी महिन्यात धुंडिराज गोविंद फाळके विलायतेस जाण्यासाठी मुंबई बंदरातून निघाले, तेव्हा त्यांच्याजवळचा पैसा विम्याच्या पॉलिसीवर उभा केलेला होता. बारा हजारांची पॉलिसी गहाण टाकून एका मित्राकडून त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. आपल्या पश्चात बायकामुलांची उपासमार होऊ नये म्हणून माणूस विमा उतरवतो; फाळक्यांनी तो हयातीतच पणाला लावला. वय चाळिशी उलटलेले, नोकरी नाही, धंदा नाही, पदरी मुले लहान. आणि जे करावयाचे होते, ते कसे करतात हे सांगणारा मनुष्य साऱ्या मुंबईत त्यांना सापडला नव्हता.

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या ह्या शास्त्र्यांच्या मुलाचे पूर्वायुष्य धरसोडीचे वाटावे असे आहे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण, गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा, तेथे प्लेगने हिरावून नेलेली पहिली पत्नी आणि मूल, मग पुराणवस्तू खात्यातील नकाशे काढण्याची नोकरी, तिचा राजीनामा, छापखाना, यंत्रांसाठी जर्मनीची वारी, आणि अखेर भागीदारांशी मतभेद होऊन छापखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडणे. परंतु रेखाटन, छायाचित्रण, रसायने, ठसे, रंग, यंत्रांची जुळणी, शिवाय हौस म्हणून शिकलेली जादू, ह्यांतील एकही विद्या पुढे वाया गेली नाही. पैसा नसलेल्या माणसाला प्रत्येक कामासाठी वेगळा कारागीर ठेवता येत नाही. फाळके त्यांतील बहुतेक कारागीर स्वतःच होते.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर हा एकच ध्यास. लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळे आणून, मेणबत्ती व भिंग ह्यांच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडीत ते रात्री जागवू लागले. झोप तुटली, डोळ्यांवर ताण पडला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर ह्यांच्या उपचारांनी व चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली, पण ज्याचे सारे भांडवल डोळ्यांत होते त्याच्या घरात ते दिवस कसे गेले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

लंडनमध्ये त्यांनी बायस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे कार्यालय गाठले. संपादक केबर्न ह्यांनी प्रथम त्यांना ह्या नादातून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. माणूस हटत नाही असे पाहून मग सेसिल हेपवर्थ ह्यांच्या स्टुडिओत नेले. तेथे काही दिवस काम पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र वगैरे घेऊन, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके एप्रिलच्या प्रारंभी मुंबईस परतले.

आता चित्रपटास भांडवल हवे होते आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि अंकुर रोज थोडा थोडा टिपला. ते चित्रण पडद्यावर पाहताना रोप क्षणार्धात जमिनीतून वर आले आणि वेल पसरली. पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी ह्यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. मात्र तारण हवे होते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

कथा कोणती घ्यावी, हाही प्रश्न काही अंशी पैशाचाच होता. मूकपटाला संवाद नाही. पडद्यावरील पाट्या वाचता येणारे प्रेक्षक थोडे. तेव्हा प्रेक्षकाला आधीपासून पाठ असलेली गोष्ट हवी. राजा हरिश्चंद्राची कथा नाटककंपन्यांनी आणि हरिदासांनी घराघरांत नेलेली होती, आणि ती केवळ महाराष्ट्रात नव्हे. दूर तंजावरास भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पौराणिक विषयांवर मराठी नाटके रचली जात होती. त्याच नगरीत मराठी कीर्तनकारांचे संस्कार घेऊन तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले आणि साकी, दिंडी, ओवी तमिळ मुलखात रुळली. तमिळ रंगभूमीवरही हरिश्चंद्र लोकप्रिय होता. नाशिकचा शेतकरी असो वा कावेरीकाठचा, स्मशानातील राजा पाहून हा कोण असे विचारणार नव्हता. फाळक्यांच्या चित्राला ही आयती पूर्वतयारी फुकट मिळाली.

दादरचे राहते घर हाच स्टुडिओ झाला. आवारात देखावे उभारले गेले. फिल्म छिद्रांवाचून येत असे. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ती यंत्राने छिद्रित करणे, चित्रण झालेली फिल्म रसायनांत धुणे, ही कामे सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करायच्या. मुले सांभाळणे वेगळेच. चित्रपटाच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, तो पुरेसा नाही. मजुरीच्या हिशेबाने ही सारी कामे लावली असती, तर दहा हजारांचे कर्ज केव्हाच संपले असते.

स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाणे करणाऱ्या वस्तीत जाऊन झाले. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण तारामती झाला. तेथे त्यास महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र, आणि कॅमेरा त्र्यंबक तेलंगांनी चालवला. सिनेमात काम करतो असे सांगण्याची नटांना लाज वाटे, म्हणून विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असे सांगा, अशी युक्ती दादासाहेबांनी काढली.

बाहेरील चित्रणासाठी मंडळी वांगणीस गेली, तर ढालीतरवारींनिशी आलेला हा जमाव पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला. दादासाहेब मागाहून पोहोचले. कॅमेरा दाखवून, समजूत घालून त्यांनी सुटका करून घेतली. ह्याच मुक्कामात भालचंद्र पडून डोक्यास मार लागला व तो बेशुद्ध झाला. त्याला मुंबईस न्यावे असे सर्वांचे म्हणणे पडले. परतलो तर पुन्हा सगळा खर्च करून येणे शक्य नव्हते. बापाने जवळच्या पेटीतून औषधोपचार केला, आणि मृत रोहिदासाचा प्रसंग त्या निपचित मुलावरच चित्रित केला, अशी हकीकत चरित्रांत येते. मुलगा पुढे बरा झाला. तथापि हे धैर्य म्हणावे की निष्ठुरपणा, हे ठरवणे सोपे नाही.

सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचे चित्र पुरे झाले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांना ते दाखवण्यात आले. सुरतेस पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपयांचा झाला. तेव्हा फाळक्यांनी तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, अशी जाहिरात करून गर्दी खेचली.

त्याच वर्षी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलले. १९१७ च्या लंकादहनाने अमाप पैसा मिळवला. त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता होते, आणि मद्रासेस जमलेली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. पुढे भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तिच्यात जुनेच मतभेद नव्याने झाले, बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडत गेले. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा गल्ल्याने भरलेल्या त्या बैलगाडीतील काहीही घरात उरलेले नव्हते.